खर्ज लागला की खोली घुमतेय, स्पीकर बदलू की काय करू? बजेट ६० हजार, बेळगाव

शहापूरचा_श्रोता

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहूलालोय, थोडं लांब झालंय, सांभाळून घ्या.

घर शहापुरात, जुनं, गल्लीकडचं तोंड बारीक आणि आत लांबच लांब. माजघराच्या मागं एक खोली आहे, तिथं आजोबांचा माग होता, माग गेला आणि आता ती बाबांची गाणं ऐकायची खोली. बाबा ७६ वर्षांचे. भजनात चाळीस-पंचेचाळीस वर्षं पेटी वाजवली, आता बोटं आखडलीत म्हणून वाजवणं बंद, ऐकणं तेवढं राहिलंय. रोजचे चार-पाच तास तरी ऐकतात. ख्याल जास्त, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा, भीमसेनजी, आणि कुमारजी (कुमार गंधर्व) तर आपल्या सुळेभावीत जन्मलेले म्हणून रोज एकदा तरी लागतातच. त्यामुळं इथं मला कंजुषी करायची नाही, खरं चुकीच्या जागी पैसे घालायचे पण नाहीत, एकदा घातलेत.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी डेनॉनचा पीएमए-६००एनई अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेतला, तो मस्त आहे, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. त्याच्याबरोबर बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे लहान स्पीकर, घ्यायला गेलो होतो, तर दुकानदार म्हणाला बुकशेल्फ काय घेताय, ते लहान खोलीला, तुमचं जुनं मोठं घर आहे, उभे स्पीकर न्या. एकेका स्पीकरला साडेसहा इंची दोन-दोन वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे कोन), पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागच्या बाजूला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण स्पीकर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, जुळत नाही एवढंच.

त्रास काय होतोय ते सांगतो. तानपुरा सुरू झाला की चौथी तार, खर्जाची, वाजली रे वाजली की सगळी खोली हूंऽऽ करून धरून बसते, आणि ते हूं विरायच्या आत पुढची पंचमाची तार येते ती त्यातच बुडते. डग्ग्याची मींड, म्हणजे घसरता सूर, वर जातेय का खाली येतेय काहीच कळत नाही, सगळं एकाच सुरात ढब ढब. कपाटाची काच थरथरते. आणि एक गंमत अशी की बायकांचं गाणं लावलं की हा त्रास जवळपास नाहीच, पुरुषांच्या गाण्यातच होतोय, तेही सगळ्यांच्या नाही.

स्पीकर लांब भिंतीला लावलेत, मधे कपाट, एक स्पीकर अगदी कोपऱ्यात गेलाय कारण दुसरीकडं दार आहे. समोरच्या भिंतीला बाबांची कॉट, भिंतीला उशी लावून टेकून बसतात. बेसचं बटण खाली करून बघितलं तर डग्गा मेला आणि पेटी पातळ झाली. नवलगुंदचा जमखाना आहे घरात तो अंथरला, त्यानं आवाजाचा कर्कशपणा कमी झाला खरं घुमणं तसंच.

आता हे विकून बुकशेल्फ घ्यावे म्हणतोय. वाचून वाचून तीन नावं काढलीत, केईएफ क्यू१५०, एलॅक डेब्यू बी६.२ आणि व्हार्फडेल डायमंड १२.२. कोणते घेऊ? का अजून मोठा अँप पाहिजे? ऐकून बघायला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जावं लागणार, बाबांना तेवढा प्रवास झेपत नाही.

अजून एक, बाबांनी १९८९ मध्ये घेतलेली एक जोडी माळ्यावर आहे, खाली काढली तर वूफरची कडेची रिंग हात लावला तसा भुगा झाला, चिकट काळी पूड. भंगारात घालू का?

कॅम्प_रॉक

क्यू१५० घ्या, डोळे झाकून. माझ्याकडं तीन वर्षं आहेत, १२ बाय ११ च्या खोलीत. त्याच्यात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा, वूफरच्या बरोबर मधोमध बसवलाय, त्यामुळं बाबा जरा इकडं तिकडं सरकून बसले तरी आवाज बदलत नाही, वयस्कर माणसाला हे लई सोयीचं. पोर्ट मागं आहे, भिंतीपासून दीड फूट तरी पुढं ओढा. मागाच्या खोलीत चार वूफर म्हणजे घुमणारच की ओ.

अँप बदलायचं डोक्यात पण आणू नका. क्यू१५० ८६ डीबीचा आहे (डीबी हे आवाजाच्या मोठेपणाचं माप), म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६, आणि घरात ख्याल ऐकताना तुम्ही बहुतेक वेळ एक-दोन वॅटच्या आतच असता. ३ डीबी वाढवायला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे तुमच्या अँपच्या ४५ वॅटचे ९० केले तर फक्त ३ डीबी मिळणार, तेवढ्यासाठी कोण पैसे घालतंय.

टिळकवाडी_तानपुरा

शहापूरकर, काहीही विकायच्या आधी मला खोलीची मापं द्या. लांबी, रुंदी, उंची, फुटात चालेल. पण अंदाजाने नको, टेप लावून मोजा. बाबा कॉटवर बसल्यावर त्यांचं डोकं मागच्या भिंतीपासून किती अंतरावर असतं तेही सांगा.

तुम्ही लिहिलंय की बायकांच्या गाण्यात घुमत नाही, पुरुषांच्यात घुमतं, तेही सगळ्यांच्या नाही. त्या एका वाक्यात बरंच काही आहे.

शहापूरचा_श्रोता

काका, आत्ताच मोजलं. लांबी बरोबर १६ फूट, रुंदी ८ फूट, उंची साडेनऊ. भिंती चिऱ्याच्या, जाड, खाली शहाबादी फरशी. बाबांचं डोकं भिंतीपासून जेमतेम चार-पाच इंच.

टिळकवाडी_तानपुरा

वाटलंच होतं. आता सविस्तर लिहितो, शांतपणे वाचा, जमलं तर बाबांनाही वाचून दाखवा. ते पेटीवाले आहेत, त्यांना हे माझ्याइतकंच कळेल.

मी गेली तीसेक वर्षं बैठकीत तानपुऱ्यावर बसतो. गायकाची पट्टी काळी एक असेल, म्हणजे त्याचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर असेल, तर तो षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा. तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा, जोडीच्या, त्याच षड्जात. चौथी खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा.

आता खोली. प्रत्येक खोलीचे स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अर्धी मावली की तो सूर खोली धरून ठेवते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमची रुंदी ८ फूट, म्हणजे २.४४ मीटर. ३४३ ला दुप्पट रुंदीने भागा, ७० हर्ट्झ येतात. लांबी १६ फूट, तिचा पहिला सूर ३५ चा, दुसरा त्याच्या दुप्पट, परत ७०! लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे दोन्हीकडचे सूर एकाच जागी येऊन बसलेत आणि नेमके खर्जाच्या तारेवर. तुमच्या आजोबांनी मागाच्या मापाने बांधलेली खोली काळी एकच्या खर्जात लागलेली आहे, असंच म्हणायचं.

बायकांचा तानपुरा वर लागतो, त्यांचा खर्ज शंभरच्या पुढे जातो, म्हणून तिथे खोली गप्प बसते. पांढरी चार किंवा पाचला गाणारा पुरुष लावून बघा, तिथेही हा त्रास कमी वाटेल. तुम्ही जो दोष स्पीकरवर घालताय त्यातला निम्म्याहून जास्त खोलीचा आणि मांडणीचा आहे. ह्याच जागेवर क्यू१५० ठेवलात तर वूफर लहान म्हणून थोडं कमी घुमेल, पण घुमेलच. तो स्पीकर ५१ हर्ट्झपर्यंत चांगला खाली जातो, ६९ त्याच्या टप्प्यातच आहे.

आता बाबा कुठे बसलेत ते बघा. हा सूर भिंतीशी सगळ्यात मोठा असतो आणि रुंदीच्या मधोमध, म्हणजे दोन्ही भिंतींपासून ४ फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. बाबांचं डोकं भिंतीपासून पाच इंचांवर, त्यामुळे खोलीतलं सगळ्यात जास्त घुमणं त्यांच्याच कानात जातंय. आणि एक स्पीकर कोपऱ्यात, कोपरा म्हणजे कर्ण्याचं तोंड, तिथून खोलीचे सगळे सूर एकदम उठतात.

उपाय असा करा. स्पीकर लांब भिंतीवरून काढा आणि ८ फुटी भिंतीच्या बाजूला आणा, आवाज खोलीच्या लांबीने जाऊ दे. मागच्या भिंतीपासून ३ फूट पुढे, बाजूच्या भिंतीपासून प्रत्येकी दीड फूट आत, म्हणजे दोघांत ५ फूट अंतर राहतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या ठेवा, इंच इंच मोजून, कारण सारख्या असल्या की रुंदीचा जो ७० चा सूर आहे तो डावा स्पीकर एकीकडून ढकलतो आणि उजवा दुसरीकडून, आणि दोघं मिळून तो उठूच देत नाहीत. बाबांची खुर्ची रुंदीच्या मधोमध, पाठीमागच्या भिंतीपासून ५ फुटांवर. लांबीचा ७० चा सूर दोन्ही टोकांपासून ४-४ फुटांवर मरतो. पण बरोबर ४ वर बसवू नका, खर्ज अगदीच पातळ होईल, आपल्याला तो मारायचा नाही, जागेवर बसवायचा आहे. ५ वर बसवा, मग अर्धा फूट पुढेमागे करून बाबांच्या कानाला विचारा.

जमखाना, पडदे, गाद्या ह्यांनी वरचा आवाज मवाळ होतो, ते चांगलंच आहे, राहू द्या. पण ७० च्या लाटेचा चौथा हिस्सा ४ फूट भरतो. तेवढी जाड गादी कोण लावणार? म्हणून जमखान्याने घुमणं गेलं नाही, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

आणि ऐकताना काय ऐकायचं ते सांगतो. तानपुरा नीट लागलेला असला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार निघतो, कुणी न छेडता, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो ६९ च्या पाचपट, म्हणजे ३४५ च्या आसपास. खालचा सूर बेसुमार फुगला की कान वरचं झाकून टाकतो आणि तो गंधार ऐकू येत नाही. बाबांना एवढंच विचारा, गंधार येतोय का. ज्या जागेवर येईल ती जागा बरोबर.

कॅम्प_रॉक

काका हे भारी सांगितलंत. खरं एवढं सामान हलवण्यापेक्षा ईक्यू (इक्वलायझर, ठरावीक सूर कमी-जास्त करणारा) लावला तर? फोनवरून किंवा लॅपटॉपवरून वाजवत असतील तर ७० ला ६ डीबी खाली, पट्टा बारीक ठेवायचा, पाच मिनिटांचं काम.

टिळकवाडी_तानपुरा

लावता येतो, आणि फुगवटा कमी करायला तो चांगलाही आहे. बेसच्या बटणापेक्षा तर कितीतरी बरा, बटण खालचा सगळा भाग एकदम कापतं, म्हणूनच ह्यांचा डग्गा मेला. पण ईक्यू सूर लहान करतो, खोलीने तो धरून ठेवायचा वेळ कमी होतो तो बाबांच्या एका जागेपुरता. अर्धा फूट सरकलं की हिशेब बदलतो. आणि बाबा सीडी लावत असतील तर तिथे ईक्यू कुठून आणणार. आधी मांडणी, मग गरज उरली तर ईक्यू. अँपवर लाऊडनेसचं बटण असलं तर ते मात्र आजच बंद करा, ते हळू आवाजात बेस फुगवतं.

खानापूर_घाटमाथा

मी एलॅक बी६.२ वापरतोय, तुमच्या यादीतला, म्हणून दोन शब्द. पोर्ट पुढच्या बाजूला फटीसारखा आहे, त्यामुळं भिंतीजवळ ठेवायला मागच्या पोर्टवाल्यापेक्षा जरा सोपा जातो, वूफर साडेसहा इंची, पेटी आणि आवाज छान भरीव लागतो. खरं स्टँड पाहिजेच, शोकेसमध्ये कोंबला तर काही उपयोग नाही. मी उद्यमबागेत एका वेल्डरकडनं २४ इंची स्टँड करून घेतले, चौकोनी पाइप, आत कोरडी वाळू भरली, म्हणजे पाइप वाजत नाही. खुर्चीत बसल्यावर कान साधारण ३६ इंचावर येतो आणि ट्वीटर पण तिथंच आला पाहिजे, हा हिशोब धरून उंची सांगायची.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा पाऊस. आमच्या खानापूर भागात तर चार महिने भिंती ओल्या असतात, तुमच्या चिऱ्याच्या भिंतीला पण ओल येत असणार. स्पीकरची पेटी एमडीएफची असते, लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली, खालनं फरशी पुसताना पाणी लागलं की कडा फुगते आणि परत बसत नाही. माझ्या आधीच्या जोडीचं तसंच झालं, बूड पार सुजलं. तेव्हापासून खाली कडप्प्याचा तुकडा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालतोय. पावसाळ्यात प्लास्टिकनं झाकू नका, आत घाम धरतो, जुनं सुती लुगडं टाका, आणि रोज अर्धा तास तरी वाजवा. बाबा रोज ऐकतात म्हणजे ते आपोआप होतंयच. आणि वळवाच्या पावसात ढग वाजायला लागले की प्लग काढूनच ठेवा, माझा एक अँप त्यातच गेलाय.

काकांनी सांगितलेलं बघायचं असेल तर एक सोपी युक्ती. फोनवर सूर काढायचं अॅप असतं, ७० हर्ट्झ लावा, अँपला जोडा, आवाज बेताचा ठेवा आणि खोलीत भिंतीकडनं मधे, मधनं भिंतीकडं चालत जा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला, दोन पावलात आवाज गायब आणि पुढच्या दोन पावलात परत छातीवर.

निपाणी_कोनवाला

माळ्यावरच्या जोडीचं कोण बोलंना म्हणून मी बोलतो. भंगारात घालू नका वो! पंचवीस वर्सं झाली मी कोन बदलायचं, कॉईल गुंडाळायचं काम करतोय, अशा रिंगा महिन्याला पाच-सहा येतात माझ्याकडं. ती कडंची रिंग फोमची हाय. फोम दहा-पंधरा वर्सांत आपोआप कुजतोय, वापरला तरी आनि न्हाई वापरला तरी, आनि आपल्या दमट हवेत जरा लौकरच. रबराची असती तर अजून चालली असती. खरं कोन, कॉईल, लोहचुंबक बरं असलं तर स्पीकरला काय बी झाल्यालं न्हाई, फक्त रिंग घालायची.

बगायचं कसं ते सांगतो. वूफरच्या कोनावर चारी बाजूनं बोटं ठेवा आनि सारखं दाब देऊन हळू आत ढकला. गुळगुळीत आत-बाहेर झालं तर कॉईल बरी हाय. आत खरखर लागली तर कॉईल घासतीया न्हाईतर सुटलीया, मग खर्च वाढतोय. मग दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, टोकाला तार लावून स्पीकरच्या लाल-काळ्यावर टेकवा आनि लगेच काढा, धरून ठेवू नका. लालला प्लस लावल्यावर कोन भाईर आला पायजे. एक भाईर आनि एक आत जात असला तर कुणीतरी तारा उलट्या लावल्यात, त्यानं बेस सगळा एकमेकांत मरतोय. लई लोकांच्या घरात हे असंच असतंय आनि म्हणतात स्पीकर पातळ वाजतोय.

रिंग घालताना जुना डिंक सगळा खरवडून काढायला लागतोय, तेच खरं काम. मग टोपी काढून कॉईलच्या चारी बाजूला जुन्या फोटोच्या निगेटिव्हच्या पट्ट्या घालतो, म्हणजे कॉईल बरोबर मधी बसते, मग रिंग चिकटवायची आनि रातभर तसंच ठेवायचं. सकाळी पट्ट्या काढल्या की झालं. फोमच्या जागी फोमच घाला, कोण स्वस्तात रबर घालून देतो म्हटला तरी नको, जड पडतंय आनि आवाज बदलतोय. ३५ वर्सांचा माल हाय तर आतल्या क्रॉसओव्हरमधलं (वरचं-खालचं सूर वाटून देनारी पाटी) कपॅसिटर पण बदलून घ्या, त्याच मापाचं, आनि बिनप्लस-मायनसचं.

शहापूरचा_श्रोता

सगळ्यांना मनापासून उत्तर देतोय, जरा उशीर झाला, काल रविवारी केलं सगळं.

सकाळी आधी खानापूरकरांची ७० हर्ट्झची परीक्षा, सामान न हलवता. फोन जोडला, सूर लावला. बाबांच्या उशीजवळ कान नेला तर अक्षरशः कानात दडे बसल्यासारखं. तिथनं उठून मधे आलो, आठ फुटातल्या चार फुटावर, आणि आवाज गेला. गेला म्हणजे मला वाटलं प्लग निघाला. परत भिंतीकडं, परत तेवढाच मोठा. आईला बोलावलं, ती पण दोनदा चालून बघून गेली, म्हणाली भिंत बोलतेय की. बाबा कॉटवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत.

मग दोन चुलतभाऊ बोलावले, कपाट रिकामं करून माजघरात नेलं, कॉट दुसऱ्या खोलीत. खडूनं फरशीवर खुणा केल्या, मागनं ३ फूट, बाजूनं दीड दीड, शिंप्याची टेप घेऊन. एक स्पीकर पाऊण इंच तिरका गेला होता तो पण सरळ केला, काकांनी इंच इंच म्हटलं होतं म्हणून. बाबांची आरामखुर्ची मधोमध, मागच्या भिंतीपासून ५ फूट. बाबा आधी नाही म्हणत होते, पाठीला भिंत नसली की उघड्यावर बसल्यासारखं वाटतं म्हणाले. मागं घोंगडं टांगलं दोरीवर, मग बसले.

पुरुषाचं, काळी एकचं, विलंबित लावलं. पहिल्या आवर्तनात मी श्वास धरून उभा. हूं नाही! खर्ज आहे, चांगला गोल आहे, वाजतो आणि जातो, आणि मग पंचम येतो तो वेगळा, मग जोड वेगळी. डग्गा बोलूलालाय, मींड वर जाते ती दिसते. मी बाबांना विचारलं, गंधार येतोय का? त्यांनी हातानं थांब म्हटलं. डोळे मिटले. खुर्ची स्वतःच पायानं थोडी पुढं ओढली, एवढीशी, मी नंतर मोजली तर सात इंच. मग बोट वर केलं, प्रत्येक खर्जाला बोट वर. कितीतरी वेळ तसंच. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं हा कुठं होता रे?"

मला त्यावर काही बोलता आलं नाही.

दिवसभर खोलीतनं उठले नाहीत, जेवण तिथंच नेऊन दिलं. सात इंच पुढं म्हणजे भिंतीपासून आता साडेपाच फूट आणि वर थोडं. ती जागा मी पक्की केली, खुर्चीच्या पायाखाली रंगाची खूण केलीय.

म्हणून आता स्पीकर विकत नाही. कॅम्पवाले, तुमचा क्यू१५० मनात ठेवतो, आमच्या पुढच्या खोलीत कधी घ्यायचे झाले तर तेच बघीन, खरं बाबांच्या खोलीत आता हात लावायचा नाही. लाऊडनेस बंद, बेस-ट्रेबल मधे, अँपचं सोर्स डायरेक्टचं बटण (त्यानं बेस-ट्रेबलची बटणं मधनं वगळली जातात) दाबून ठेवलंय.

टिळकवाडी_तानपुरा

बाबांना माझा नमस्कार सांगा. सात इंच त्यांनी स्वतःच्या कानाने ओढले, तेच बरोबर माप. पावसाळ्यात ओल धरली की भिंती आणि घोंगडं दोन्ही थोडे बदलतात, वरचा आवाज जरा मंद वाटेल, तेव्हा घोंगडं काढून बघा. खालचं काही बदलणार नाही. आणि एक विचारायचं होतं, बाबांना चालत असेल तर एखाद्या संध्याकाळी मी तानपुरा घेऊन येतो. मिरजेचा आहे, काळी एकलाच लागतो. त्याच खोलीत प्रत्यक्ष तार छेडून बघू, त्या जागेवर खरा खर्ज कसा लागतो ते मलाही ऐकायचंय.

शहापूरचा_श्रोता

काका, बाबा म्हणाले कधीही या, आजच या. मी वैयक्तिक निरोपात पत्ता पाठवतो.

निपाणीकर, तुमची सेलची परीक्षा पण केली. दोन्ही कोन गुळगुळीत आत जातात, खरखर अजिबात नाही. खरं एक भाईर येतो आणि एक आत जातो, तुम्ही म्हणालात तसंच, म्हणजे ती जोडी १९८९ पासून उलटीच वाजत होती की काय! बाबांना सांगितलं तर म्हणाले, मधे एकदा कुणीतरी उघडली होती. ती आता आईसाठी माजघरात लावायची, तिला सकाळी सांगली आकाशवाणी आणि संध्याकाळी हरिपाठ लागतो. रविवारी निपाणीला येतो. अख्ख्या पेट्या आणू का नुसते वूफर काढून आणू?

निपाणी_कोनवाला

नुसते वूफर आना, आनि मागची पट्टी उघडून क्रॉसओव्हरची पाटी पण काढून आना, कपॅसिटरची मापं बगायला. काढायच्या आधी फोटो काढा आनि प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून कुठली कुठं होती ते लिवा. जो आत जातोय त्याच्यावर खडूनं फुली मारून ठेवा, तो पेटीत आतनंच उलटा जोडल्याला हाय का कॉईलच उलटी गुंडाळल्याली हाय ते मी बगून सांगतो. अकराच्या आत या, दुपारी लाईट जातीया.